बिस्किटाच्या पुड्यावर छापतात, मदरबोर्डाच्या खोक्यावर का नाही?

महोदय,

विंडोज 10 च्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या 14 ऑक्टोबर 2025 ला थांबल्या, त्या सुमारास आपल्या पुरवणीत एक लेख आला होता. जुना कॉम्प्युटर भंगारात घालू नका, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाका, असा त्याचा सूर होता. सल्ला चांगलाच आहे. माझी गत मात्र उलटी झाली. मला लिनक्स टाकायचं होतं ते कोऱ्या करकरीत मदरबोर्डावर, म्हणजे कॉम्प्युटरचे सगळे भाग जोडतात त्या मुख्य पट्टीवर, आणि त्याबद्दल लेखात अवाक्षर नव्हतं. म्हणून हे पत्र.

चिपळुणात माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. परतीच्या पावसात एका संध्याकाळी वीज कडाडली आणि वरच्या मजल्यावरचा राउटर गेला. त्याच्यापासून खाली आलेल्या इंटरनेटच्या (लॅन) केबलच्या टोकाला माझा अकरा वर्षांचा बोर्ड होता, तोही गेला. कॉम्प्युटर यूपीएसवर होता हो, पण वीज मागच्या दारानं शिरली. तेव्हाच ठरवलं, आता दुकानात केबल ओढायची नाही, वाय-फायवाला बोर्ड घ्यायचा.

पुण्याच्या भाच्यानं मॉडेल शोधून दिलं. लिनक्सवर वाय-फायसकट चालतो, हे त्यानं नेटवर दोन-तीन ठिकाणी पाहिलं होतं. मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाऊन नेमकं तेच मॉडेल मागितलं. जुनी डीडीआर3 रॅम नव्या बोर्डात बसत नाही, म्हणून तीही नवी घेतली. प्रोसेसर धरून साडेसव्वीस हजार झाले. पैसे देताना विचारलं, "यावर लिनक्स चालेल ना?" दुकानदार म्हणाला, "काकू, खोक्यावर विंडोज 11 लिहिलंय, म्हणजे सगळं चालेल."

बोर्ड मीच बसवला. पॉवर स्विचच्या त्या बारीक वायरी कुठल्या पिनांवर चढवायच्या, यात चष्मा दोनदा पुसला, एवढंच. सुरू केला आणि पहिला धक्का: जुनी एसएसडी, म्हणजे माझ्या सगळ्या फाइलींची डिस्क, बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) दिसत होती, पण कॉम्प्युटर कशावरून सुरू करायचा त्या बूटच्या यादीत तिचं नाव नाही. झालं होतं असं की माझं जुनं विंडोज कॉम्प्युटर सुरू करायच्या जुन्या, लेगसी पद्धतीनं टाकलेलं, आणि या बोर्डात ती पद्धत उरलेलीच नाही, फक्त नवी, यूईएफआय. वीस मिनिटं मी देवाचं नाव घेत बसले. मग लिनक्सच्या मिंट नावाच्या प्रकाराचा, मिंट 22 चा, पेनड्राइव्ह लावला, काहीही इन्स्टॉल न करता त्यावरूनच कॉम्प्युटर सुरू केला, तर सगळ्या लग्नपत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं, पतसंस्थेचे फॉर्म जागच्या जागी. पहिल्यांदा त्या बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्या. सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारं बोर्डाचं कुलूप म्हणजे सिक्युअर बूट; 'ते बंद करा' असं जो तो सांगतो. मी त्याला हातही लावला नाही. मिंटच्या बूट फाइलवर मायक्रोसॉफ्टची सही असते, त्यामुळे बोर्ड तिला आत सोडतो. लिनक्सला घरात यायला मायक्रोसॉफ्टची चिठ्ठी लागते, याचं मला हसू आलं.

इन्स्टॉल अर्ध्या तासात झालं. आवाज, पडदा, प्रिंटर सगळं ठीक. फक्त ज्याच्यासाठी हा बोर्ड घेतला ते वाय-फायच नाही! यादी रिकामी नव्हे, वाय-फाय हा शब्दच गायब. भाच्यानं फोनवरून एक कमांड टाइप करायला लावली, आलेलं उत्तर मी वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मावशी, ही चिप वेगळीच आहे." मग टॉर्च घेऊन पाहिलं तर बोर्डाच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत, आवृत्ती 1.2. त्यानं नेटवर वाचलं होतं ते 1.0 बद्दल. मॉडेलचं नाव तेच, खोकं तेच, आतली वाय-फायची चिप बदललेली. 'खोकं उघडलंय' असं सांगून दुकानदारानं बोर्ड परत घेतला नाही.

विंडोजवाल्यांना याचा त्रास होत नाही, कारण कंपनी त्यांच्यासाठी ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, देते. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आतच येतात. चिप कर्नलपेक्षा नवी असेल तर ती त्याच्या ओळखीची नसते. माझ्या पेनड्राइव्हवर कर्नल होता 6.8, मार्च 2024 चा. शेवटी मोबाइल यूएसबीनं जोडून त्याचं नेट घेतलं, मिंटच्या अपडेट मॅनेजरमधून कर्नल 6.14 टाकला, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला आणि शेजारच्या मेडिकलवाल्याच्या वाय-फायसकट सगळी यादी हजर. उपाय दहा मिनिटांचा होता. तो सापडेपर्यंत दोन दिवस दुकान बंद राहिलं, तेही लग्नसराईच्या तोंडावर.

लिनक्सनं माझं सगळं भागतं असंही नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टमधल्या पत्रिकांचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, त्यासाठी एक म्हातारा लॅपटॉप नेट तोडून ठेवला आहे. त्याची तक्रार नाही, ते मला आधीपासून माहीत होतं.

तक्रार न सांगितलेल्या गोष्टीची आहे. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर मैदा, साखर, पामतेल सगळं छापलेलं असतं. हजारो रुपयांच्या बोर्डाच्या खोक्यावर 'वाय-फाय 6ई' एवढंच. कुठली चिप, कुठली आवृत्ती, हे बाहेरच्या बाजूला छापायला कंपन्यांना शाईचा एक थेंब जास्त लागेल. आणि विक्रेत्यांनी काउंटरवर लिनक्सचा एक ताजा पेनड्राइव्ह ठेवावा. लिनक्सला एक पैसा लागत नाही, गिऱ्हाइकासमोर बोर्ड लावून पाच मिनिटांत दाखवता येतं.

माझ्या बिलावर मॉडेलचा नंबर आहे, आवृत्तीचा रकाना नाही. 1.2 मी पेनानं लिहून ठेवलं आहे.

आपली,
एक डीटीपी व्यावसायिक, चिपळूण