पंख्यासाठी अख्खा एसएमपीएस भंगारात का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या गावच्या वाचनालयातील संगणक गेल्या महिन्यात सुरू होताना घरघरू लागला आणि तासाभराने आपोआप बंद पडू लागला. दुकानात ‘एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारी पेटी) बदला’ एवढेच उत्तर मिळाले; प्रत्यक्षात आतला १२ व्होल्टचा पंखा धुळीने आणि वंगण सुकल्याने अडखळत होता. दुसऱ्या कारागिराने त्याच मापाचा, १२० मिलिमीटरचा, बॉल बेअरिंग असलेला पंखा हवेची दिशा पूर्वीसारखीच ठेवून बसवला, तेव्हापासून संगणक सुरळीत चालतो आहे.

हे काम घरी करावे, असे मी मुळीच सुचवत नाही. २३० व्होल्टचा घरगुती पुरवठा या पेटीत सुमारे ३२५ व्होल्टच्या एकदिश (डीसी) दाबात बदलतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटर या वीज साठवणाऱ्या भागात काही काळ साठून राहतो, त्यामुळे उत्साही मुलांनी पेटी उघडणे जिवावर बेतू शकते. कपॅसिटर फुगले असतील, जळका वास येत असेल, तर मात्र पूर्ण संच बदलणेच योग्य. पंखा बंद असताना संगणक रेटत राहिल्यानेच पुष्कळदा ही वेळ येते.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. त्या धोरणाचा लाभ खेड्यातील शाळा-वाचनालयांना मिळावा, यासाठी आयटीआयमध्ये अशा सुट्या भागांच्या सुरक्षित दुरुस्तीचे प्रात्यक्षिक शिकवावे आणि दुकानदारांनी नेमका बिघडलेला भाग पावतीवर लिहून द्यावा, ही विनंती.

— एक वाचक, जि. सातारा