लाल रंग विटका दिसतो तेव्हा

महोदय,

डोळा हलवताना दुखतो, दोन-चार दिवसांत नजर अंधुक होते, त्या डोळ्याला लाल रंग विटका दिसतो. अशा वेळी नुसता चष्म्याचा नंबर तपासून थांबू नये! डोळ्याच्या नसेवरचे मायलिनचे आवरण सुजलेले असू शकते. मेंदू आणि मज्जारज्जूचा एमआरआय करावा. हे मल्टिपल स्क्लेरोसिसचे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मायलिनवर हल्ला करते त्या आजाराचे, लक्षण असू शकते; पण त्याची औषधे लिहिण्याआधी अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग प्रतिपिंडांसाठी (ती सापडली तर आजार वेगळा असतो) रक्त तपासायलाच हवे. अ‍ॅक्वापोरिन-४ प्रतिपिंडे असलेल्या रुग्णाला इंटरफेरॉन हे मल्टिपल स्क्लेरोसिसचे औषध दिले तर आजार उलट बळावतो.

मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णाचे पाय कढत पाण्याच्या आंघोळीनंतर तासभर जड झाले, तर तो आजाराचा नवा झटका नव्हे. झटक्याची लक्षणे २४ तासांहून जास्त टिकतात. लक्षणे तेवढी टिकली, तरीही झटक्यासाठी शिरेतून स्टिरॉइड देण्यापूर्वी लघवीतला जंतुसंसर्ग तपासावा, कारण तापानेही जुनी लक्षणे उफाळतात.

— एक मेंदूविकारतज्ज्ञ