नकाशा मुलांच्या हाती द्या

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या काही वर्षांत गावोगावच्या लोकांनी वर्गणी काढून शाळांना प्रोजेक्टर, टीव्ही संच आणि टॅब घेऊन दिले. त्यामागे पालकांचे कष्टाचे पैसे आहेत, म्हणूनच हे लिहावेसे वाटले. भूगोलाच्या तासिकेला या पडद्यावर बहुतेक वेळा धड्याचा तयार व्हिडिओ लावला जातो आणि मुले नुसती बघत बसतात. नकाशा उरतो तो परीक्षेपुरता, कोऱ्या आराखड्यात चिन्हे भरण्यापुरता. मी माळशिरस तालुक्यात माध्यमिक शाळेत भूगोल शिकवतो. डिजिटल नकाशाची साधने मुलांच्या हाती द्यावीत, आपल्या मुलुखाचा नकाशा त्यांना स्वतः करू द्यावा आणि त्या कामाला गुण असावेत, अशी माझी मागणी आहे.

आमच्याकडे यासाठी विषय शोधावा लागत नाही. आषाढात ज्ञानेश्वर माउलींची पालखी आमच्या दारावरून जाते, शाळांच्या खोल्यांत दिंड्या उतरतात. मुक्कामांची नावे मुलांना तोंडपाठ असतात: आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, पंढरपूर. गूगल अर्थ प्रो हे उपग्रहाची चित्रे दाखवणारे सॉफ्टवेअर २०१५ पासून मोफत आहे. त्यावर मुलांनी हा रस्ता रेघेने आखला आणि त्या रेघेचा उंचीचा आलेख उघडला, की दिवे घाट वर चढताना दिसतो. सुमारे ५६० मीटर उंचीवरचे पुणे सोडून पालखी घाट चढते, सासवडच्या पठारावर येते आणि मग उतरत उतरत साडेचारशे मीटरच्या आसपासच्या पंढरपुराला पोचते. ज्या आजोबांनी ही वाट पायी केली आहे, त्यांना तो आलेख मोबाइलवर दाखवा. कुठे दम लागतो आणि कुठे पाय आपोआप पडतात, हे ते बोट ठेवून सांगतील.

त्याच नकाशावर नद्या आखायला लावल्या की खरी गंमत सुरू होते. आळंदीची इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. पुण्याची मुळा-मुठा पुढे भीमेलाच मिळते. दिवे घाट ओलांडला की कऱ्हेचे खोरे लागते. कऱ्हा नीरेला मिळते आणि नीरा नृसिंहपूरला नीरा भीमेला. म्हणजे आळंदीपासून पंढरपूरपर्यंत पालखी भीमेचे खोरे सोडतच नाही. वाटेतल्या प्रत्येक ओढ्याचे पाणी अखेर चंद्रभागेकडेच, म्हणजे पंढरपूरच्या भीमेकडेच, निघालेले असते. खोरे, उपनदी, जलविभाजक या संज्ञा मुले एरवी घोकतात. इथे त्या त्यांना स्वतः सापडतात. आणि ते सापडले की पुढचा प्रश्न मुलेच विचारतात: आळंदीला इंद्रायणीवर फेस आल्याचे फोटो पेपरात येतात, ते पाणी पुढे कुठे जाते? याचे उत्तर देणे शिक्षकाला जड जाते. तरी ते द्यायलाच हवे.

उपग्रहाच्या चित्रात आमच्या भागाची आणखी एक गोष्ट दिसते. नीरा उजवा कालवा फलटण, माळशिरसमधून पंढरपूरकडे जातो. हा सगळा पर्जन्यछायेचा प्रदेश. कालव्याच्या खालच्या अंगाला उसाची हिरवी पट्टी आणि वरच्या अंगाला तपकिरी माळ, अशी कापल्यासारखी सीमा पडद्यावर उमटते. कालव्याखालच्या घरातला मुलगा आणि माळावरची मुलगी एकाच बाकावर बसतात. एका गावात दोन तऱ्हेचे संसार का, हे त्यांना त्या चित्राने जेवढे कळते तेवढे माझ्या तासभर बोलण्याने कळत नाही. जुन्या तारखांची चित्रेही त्याच सॉफ्टवेअरमध्ये मिळतात. पालखी मार्गाचे चौपदरीकरण होण्याआधी रस्त्याकडेला झाडे कुठे होती आणि आता कुठे उरली आहेत, हे मुलांनी मोजून काढावे. पालखी ज्यांच्या सावलीला टेकत असे ती झाडे गेली, ही भूगोलातलीही नोंद आहे आणि संस्कृतीतलीही.

नावांचा प्रश्न मला सर्वांत जवळचा वाटतो. मोबाइलवरच्या नकाशात हॉटेल आणि पेट्रोल पंप सापडतात. पण वाडीचे नाव, ओढ्याचे नाव, माळाचे नाव, म्हसोबाचे ठिकाण, गावची बारव यांतले बरेच काही सापडत नाही. ही नावे म्हाताऱ्या माणसांजवळ आहेत. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली सुरू झालेला, कोणालाही भर घालता येईल असा नकाशा आहे आणि त्यात ठिकाणाचे नाव मराठीतून वेगळे नोंदवता येते. मुलांनी शिवारात फिरून, दोन-तीन वडीलधाऱ्यांना विचारून, आधी वहीत कच्चा नकाशा काढावा आणि मगच शिक्षकासोबत बसून तो संगणकावर चढवावा. आजीला जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्या तिच्या आवाजात जपून ठेवाव्यात. त्या ओव्यांत नदी, घाट, मुक्काम यांची नावे येतात, त्या त्या जागी वर्गाच्या नकाशावर तो आवाज जोडता येतो. शेजारच्या गावाशी नावावरून वाद असेल तर दोन्ही नावे लिहावीत.

काही पथ्ये मात्र पाळावी लागतील. मुलांची नावे त्यांच्या घरांवर टाकू नयेत, विशेषतः मुलींची. देशाच्या सीमा परदेशी संकेतस्थळांवर काही वेळा वेगळ्या दाखवलेल्या असतात, तेव्हा त्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचाच नकाशा प्रमाण मानावा. जगाच्या सपाट नकाशावर ग्रीनलँड भारताहून कितीतरी मोठे दिसते. प्रत्यक्षात ते सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटरचे आहे आणि भारत जवळपास ३२.९ लाख. दहावीला भारत आणि ब्राझीलची तुलना शिकवताना हे आधी सांगितले नाही तर मुलांच्या डोक्यात चुकीचे आकार घट्ट बसतात.

साधनांची वाण नाही. इस्रोचे ‘भुवन’ हे नकाशांचे संकेतस्थळ २००९ पासून आहे आणि त्यात शाळांसाठी वेगळा विभागही आहे. नकाशे करण्यावरचे निर्बंध केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये बरेच सैल केले. वाण आहे ती शिक्षकाच्या वेळेची आणि सरावाची. आम्हाला मिळणारी प्रशिक्षणे म्हणजे अनेकदा पडद्यावरचे भाषण असते. संगणकाला हात लावायला मिळत नाही. बऱ्याच वाड्यांवर नेट चालत नाही, तिथे चित्रे आधी उतरवून, छापून घ्यावी लागतात. त्याचा खर्च शिक्षकाने खिशातून करायचा का?

दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात पहिलाच धडा क्षेत्रभेटीचा आहे. शिक्षण विभागाने त्याला जोडूनच ‘माझ्या गावाचा नकाशा’ हा उपक्रम अंतर्गत मूल्यमापनात घ्यावा. गुण नसतील तर पालक मुलाला शिवारात फिरू देणार नाहीत, क्लासला पाठवतील. उन्हाळी सुट्टीत प्रत्येक तालुक्यात भूगोलाच्या शिक्षकांसाठी प्रत्यक्ष संगणकावर बसवून शिकवणारे वर्ग घ्यावेत आणि मार्गदर्शक पुस्तिका मराठीतून द्यावी. जून उजाडण्याआधी हे झाले, तर येत्या आषाढात पालखी येईल तेव्हा वाटेवरच्या शाळांतली मुले वही घेऊन रस्त्यावर उभी राहू शकतील.

आपला,
एक माध्यमिक शिक्षक,
ता. माळशिरस, जि. सोलापूर