रडू आले म्हणून वाचक भाबडा ठरत नाही

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत अद्भुतरम्य प्रेमकथांच्या वाढत्या वाचकवर्गाविषयी आलेला लेख मी लक्षपूर्वक वाचला. लेखकाने या पुस्तकांना मोठ्यांच्या परीकथा म्हटले आहे आणि त्या वाचून डोळे पुसणाऱ्यांना, विशेषतः पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांना, संसारातून पळवाट शोधणाऱ्या ठरवून एका वाक्यात निकालात काढले आहे. त्या स्त्रियांपैकी मी एक आहे. नागपुरातील एका सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून लागले आणि परिसेविका, म्हणजे वॉर्डची सिस्टर, म्हणून निवृत्त झाले. डायना गॅबाल्डन या अमेरिकन लेखिकेची ‘आउटलँडर’ ही कादंबरीमालिका गेली काही वर्षे माझ्या उशाशी असते. ती वाचताना मी अनेकदा रडले आहे, आणि ते रडणे कशाचे होते हे मला नीट ठाऊक असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

ज्यांनी ही मालिका वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथेचा गाभा थोडक्यात सांगते. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले आहे. युद्धात परिचारिका म्हणून काम केलेली क्लेअर आपल्या नवऱ्याबरोबर, फ्रँकबरोबर, स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेस येथे आली आहे. तेथील टेकडीवरच्या उभ्या पाषाणांच्या वर्तुळात एका शिळेला तिचा स्पर्श होतो आणि ती थेट १७४३ सालात जाऊन पडते. तेथे जेमी फ्रेझर या तरुणाशी प्रथम नाइलाजाने, जीव वाचवण्यासाठी, तिचे लग्न होते आणि पुढे त्याच्यावर तिचा जीव जडतो. पहिला खंड १९९१ साली आला, नववा २०२१ साली. २०१४ पासून दूरचित्रवाणीवर आलेल्या मालिकेमुळे हे नाव आपल्याकडेही घरोघरी पोहोचले, परंतु मी बोलते आहे ती पुस्तकांबद्दल.

या पुस्तकाने मला धरून ठेवले ते राजवाडे, तलवारी किंवा देखणा नायक यांच्यामुळे नव्हे. क्लेअर जेमीला पहिल्यांदा पाहते तेव्हा त्याचा खांदा निखळलेला असतो आणि त्याचे सोबती तो नुसत्या जोराने ओढून बसवायच्या तयारीत असतात. आपण कुठे आहोत, कोणत्या काळात आहोत, ही माणसे आपल्याला मारतील की सोडतील, यातले काहीही तिला कळत नसते, आणि तरीही ती पुढे होऊन त्यांना थांबवते, कारण दंडाच्या हाडाचा कोन आधी साधला नाही तर हात मोडेल हे तिला दिसत असते. मग ती स्वतः तो हात सावकाश फिरवून खांदा जागेवर बसवते. कॅज्युअल्टीत ज्याने नोकरी केली आहे त्याला हा प्रसंग वाचताना हसू आणि पाणी दोन्ही एकदमच येईल. घाबरलेली असतानाही हात आपले काम करत राहतात, ही गोष्ट आमच्या पेशाबाहेरच्या फार थोड्या लोकांनी इतकी नेमकी लिहिली आहे. गॅबाल्डन यांचे स्वतःचे शिक्षण प्राणिशास्त्र आणि सागरी जीवशास्त्रातले असून परिस्थितिविज्ञानात त्यांनी डॉक्टरेट मिळवलेली आहे, हे मला नंतर कळले. निरीक्षणाची ती सवय पानोपानी जाणवते.

अद्भुत म्हणावे असे या कथेत जे आहे ते मुख्यतः त्या शिळांपुरते आहे. बाकी सारे कष्ट आहेत. जखमा धुणे, औषधी वनस्पती वाळवणे, बाळंतपणे, आणि पुढच्या खंडांत उत्तर कॅरोलिनाच्या डोंगरात बुरशी जोपासून पेनिसिलिन तयार करण्याची तिची चिकाटीची धडपड. पहिल्या खंडात चेटकिणींवरच्या खटल्याचा भाग आहे. तेथे क्लेअरला वाचवण्यासाठी गेलिस नावाची स्त्री सर्व आरोप स्वतःवर ओढून घेते आणि आपल्या दंडावरची खूण सैतानाची म्हणून जमावाला दाखवते. ती खूण देवीच्या लशीची आहे, म्हणजेच ही बाईही आपल्यासारखीच पुढच्या शतकातून आलेली आहे, हे त्या गर्दीत एकट्या क्लेअरला उमगते. भारतात देवीचे शेवटचे रुग्ण १९७५ साली आढळले. माझ्या पिढीच्या दंडावर ती गोल, दबलेली खूण अजून आहे. ते पान वाचताना माझा हात आपोआप दंडाकडे गेला. ज्या खुणेने आम्हाला वाचवले त्याच खुणेवरून एखादीला जाळायला निघालेली माणसे पाहून अंगावर काटा येतो. याला परीकथा म्हणायचे असेल तर परीकथेची व्याख्या बरीच रुंद करावी लागेल.

लेखकाने असेही म्हटले आहे की अशा पुस्तकांतील इतिहास हा नुसता पडदा असतो. या मालिकेपुरते हे खरे नाही. क्लेअरला पुढे काय होणार ते ठाऊक आहे: १६ एप्रिल १७४६ रोजी स्कॉटलंडमधील कलोडनच्या माळावर हायलँडची, म्हणजे तेथील डोंगराळ मुलखाची, फौज कापली जाणार. ती लढाई प्रत्यक्षात तासाभराच्या आत संपली, ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या स्टुअर्ट घराण्यातील चार्ल्सच्या, म्हणजे या फौजेच्या, बाजूचे सुमारे दीड हजार लोक पडले, आणि त्यानंतर तेथील लोकांच्या पारंपरिक पोशाखावरही कायद्याने बंदी आली. पॅरिसपासून स्कॉटलंडपर्यंत ती आणि जेमी ही लढाई टाळण्यासाठी जिवाचे रान करतात आणि ती टळत नाही. आम्ही नागपूरकर सीताबर्डीच्या टेकडीखालून रोज जातो. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ या दोन दिवसांत त्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेला इंग्रजांपुढे हार पत्करावी लागली आणि या शहराचे पुढचे भवितव्य फिरले. कलोडनची प्रकरणे वाचल्यानंतर मी त्या टेकडीवरच्या किल्ल्याकडे प्रथमच या प्रश्नासह पाहिले की त्या रात्री शहराच्या महाल भागातल्या घरांमध्ये बायका कोणाची वाट पाहत बसल्या असतील. शाळेतल्या इतिहासाने हा प्रश्न मला कधी विचारायला लावला नव्हता. कलोडनच्या माळावर फ्रेझर घराण्याच्या नावाचा जो दगड आहे त्याच्याशी मालिकेचे वाचक आजही फुले ठेवतात. जेमी काल्पनिक आहे हे त्यांना माहीत असते. पण त्या मातीत पुरलेली माणसे काल्पनिक नाहीत आणि त्यांची आठवण त्या वाचकांना एका कादंबरीने करून दिली, यात मला उणे काही दिसत नाही.

आता ज्या रडण्याबद्दल एवढा ऊहापोह झाला त्याकडे येते. लढाईच्या आधी जेमी गरोदर क्लेअरला शिळांपाशी नेऊन तिच्या काळात परत पाठवतो. तो लढाईत मरणार अशी दोघांचीही खात्री असते. ती विसाव्या शतकात परत येते, फ्रँकबरोबर बोस्टनमध्ये संसार करते, मुलीला वाढवते, डॉक्टर होते. तिकडे तो मेलेला नसतो. तो लपून राहतो, तुरुंग भोगतो, दुसऱ्याच्या तबेल्यात राबतो. वीस वर्षांनी, १९६८ साली, तो वाचला होता असा पुरावा तिच्या हाती लागतो आणि पन्नाशीला टेकलेली ही बाई, मोठ्या झालेल्या मुलीचा निरोप घेऊन, पुन्हा त्या शिळांतून जाते. एडिनबरोच्या एका गल्लीत तो दुसऱ्याच नावाने छापखाना चालवत असतो. ती दारात उभी राहते तेव्हा तो पाठमोरा, छपाईयंत्रावर वाकलेला असतो, आपला माणूस आला असे समजून न वळताच काहीतरी बोलतो, आणि तिचा आवाज ऐकून वळतो तो शुद्ध हरपून खाली कोसळतो.

यानंतरची पाने मला मालिकेतील सर्वांत मोलाची वाटतात. शुद्धीवर आल्यावर ही दोन माणसे एकमेकांशी अवघडून, जवळजवळ परक्यांसारखी बोलतात. आपण म्हातारे दिसत असू याची तिला धास्ती आहे, त्यालाही आहे. मग ती आपल्याबरोबर आणलेली मुलीची छायाचित्रे एकेक करून त्याला दाखवते: नुकती जन्मलेली, रांगणारी, शाळेत जाणारी, तरुण झालेली. जिला त्याने कधी पाहिले नाही आणि जिच्या काळात तो कधी जाऊ शकणार नाही, ती मुलगी त्याच्या समोर वाढत जाते, आणि युद्ध, तुरुंग, चाबकाचे फटके सोसलेला हा माणूस बायकोच्या खांद्यावर डोके ठेवून ढसाढसा रडतो. प्रसूतिकक्षात ड्युटी असताना सीमेवरून रजेवर आलेले जवान आपले बाळ पहिल्यांदा पाहताना मी पाहिले आहेत. बाळाला घेण्याआधी ते आपले हात पँटला पुसतात. स्वच्छ असले तरी पुसतात. गॅबाल्डन यांनी त्या छापखान्यातल्या भेटीत जे लिहिले आहे ते याच जातीचे आहे.

माझे यजमान आता नाहीत. त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी घरातही सिस्टर म्हणूनच वावरले: सलाईन, औषधांच्या वेळा, रिपोर्ट, नंतर कागदपत्रे. सगळे व्यवस्थित पार पडले आणि रडणे तेवढे राहून गेले. त्या प्रकरणाने ते बाहेर काढले. क्लेअरप्रमाणे मला त्यांच्यासमोर पुन्हा उभे राहता आले असते तर काय काय सांगायचे होते, याचा विचार वाचता वाचता सुरू झाला: धाकटीला मुलगी झाली, तिचे डोळे तुमच्यासारखे आहेत, बर्डीवर आता मेट्रोचे मोठे स्टेशन आहे, अंगणातले संत्र्याचे झाड वठले, मी त्या जागी पारिजातक लावला. कोणतीही शिळा उघडणार नाही हे मला पुरते ठाऊक आहे, मृत्यूशी माझा परिचय लेखकमहाशयांपेक्षा बराच जुना आहे. तरीही ते सारे मनातल्या मनात सांगून झाल्यावर मला शांत झोप लागली. जे दुःख मी कामाच्या रगाड्यात टाळले होते त्याच्यासमोर या पुस्तकाने मला नेऊन बसवले. पळवाट असती तर ती उलट दिशेला गेली असती.

शिवाय विरहाला अद्भुताची जोड देणे ही काही परदेशातून आलेली उथळ टूम नाही. संस्कृतचे अभ्यासक महामहोपाध्याय मिराशींनी ज्या रामटेकला मेघदूतातील रामगिरी म्हटले ते आमच्यापासून तास-दीड तासाच्या अंतरावर आहे, आणि तेथील यक्ष तर ढगाकरवी बायकोला निरोप धाडतो. संस्कृत नाटककार भवभूती आपल्या विदर्भातील पद्मपूरचा. ‘उत्तररामचरिता’त त्याने राम आणि सीता यांची बारा वर्षांच्या ताटातुटीनंतर गाठ घालून दिली आहे, तीही सीता कोणाला दिसू नये अशा दैवी योजनेतून आधी एकदा जवळ आणून. वार्धक्यानेही ज्याचा रस हिरावला जात नाही अशा प्रेमाचे वर्णन त्याच नाटकात आहे. नवव्या खंडापर्यंत क्लेअर आणि जेमी साठीच्या आसपास पोहोचतात, त्यांचे सांधे दुखतात, नातवंडे अंगणात खेळतात, आणि लेखिका त्यांच्या सहवासाचे वर्णन पहिल्या खंडाइतक्याच आस्थेने करते. लग्न लागले की संपणाऱ्या प्रेमकथा आपण खूप वाचल्या. लग्नानंतरची तीस-पस्तीस वर्षे जिला सांगण्याजोगी वाटतात अशी प्रेमकथा मला तरी विरळाच भेटली.

मालिकेत सर्वच मला मान्य आहे असे नाही. पहिल्या खंडात जेमी क्लेअरला शिक्षा म्हणून पट्ट्याने मारतो. त्या काळाची रीत म्हणून लेखिकेने ते मांडले असले तरी तो प्रसंग ज्या हलकेपणाने मिटतो ते मला पटत नाही, कारण नवऱ्याच्या माराच्या खुणा पदराखाली झाकून आलेल्या बायकांचे ड्रेसिंग मी केले आहे. बलात्काराचे प्रसंगही मालिकेत गरजेपेक्षा जास्त वेळा येतात. मात्र कैदेत खुद्द जेमीवर जो अत्याचार होतो आणि त्यानंतर त्याचे मन ज्या रीतीने मोडते व हळूहळू सांधते, तो भाग मी आदराने वाचला. पुरुष वॉर्डात असले काही बोलत नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. त्या भिंतीपलीकडे काय असते हे या पुस्तकाने दाखवले.

म्हणून आपल्याला दोन विनंत्या आहेत. पुरवणीत या प्रकारच्या पुस्तकांची दखल घ्यायची असेल तर ती पुस्तके पूर्ण वाचलेल्या व्यक्तीकडून घ्यावी, आणि त्यांतील गुणदोष नाव घेऊन, प्रसंग सांगून मांडावेत. वाचकांच्या वयावरून आणि स्त्री असण्यावरून पुस्तकाची किंमत ठरवू नये. दुसरी विनंती आपल्यामार्फत शहरातील ग्रंथालयांना आहे. मी जेथे जाते त्या वाचनालयात या मालिकेचा पहिला आणि चौथा खंड आहे, मधले दोन नाहीत; म्हणजे एडिनबरोची भेट ज्या तिसऱ्या खंडात आहे नेमका तोच नाही. मला तो पुतणीने आणून दिला. ज्यांना अशी पुतणी नाही त्यांच्यासाठी, मालिका घ्यायची तर सलग घ्यावी, आणि दहावा, शेवटचा म्हणून जाहीर झालेला खंड येईल तेव्हा त्याची मागणी आधीच नोंदवून ठेवावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका,
त्रिमूर्तीनगर, नागपूर