आधी कृपा, मग बाकीचं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने फुकट मिळतं, तर सत्कृत्यं करायची कशाला? आणि करायलाच हवीत, तर मग ते फुकट कसलं? तुझा हा प्रश्न प्रेषित पौलालाही लोक विचारत असावेत. बायबलमधल्या त्याच्या रोमकरांस पत्राचा ६वा अध्याय अशाच प्रश्नाने सुरू होतो: कृपा वाढावी म्हणून पापात राहावं काय?

माझ्या मते बहुतेक घोटाळा क्रम चुकल्याने होतो. पौलाच्याच इफिसकरांस पत्राचा २रा अध्याय उघड. ८वं आणि ९वं वचन लोकांना तोंडपाठ असतं: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे, म्हणजे कोणी फुशारकी मारू नये. तिथेच थांबतात आणि फसतात. १०वं वचन म्हणतं, देवाने आपल्याला सत्कृत्यांसाठीच घडवलंय आणि ती त्याने आधीच योजून ठेवलीत. म्हणजे कृपा हे कारण, विश्वास म्हणजे ती घ्यायला पुढे केलेला रिकामा हात, आणि कृत्यं त्यानंतरची. तिन्ही वचनं एका दमात वाच.

विश्वासाच्या बाबतीत एक सांभाळ. मी विश्वास ठेवला म्हणून देवाने मला तारणं भाग आहे, असा हिशेब झाला की विश्वासाचंही कर्मच होतं.

आता याकोब, बायबलमधल्या दुसऱ्या एका पत्राचा लेखक. त्याच्या पत्रातलं २:२४ रोमकरांस ३:२८च्या शेजारी ठेवलं तर भांडण दिसतं: एक म्हणतो, माणूस विश्वासाने नीतिमान (म्हणजे देवासमोर निर्दोष) ठरतो, कर्मांनी नव्हे, दुसरा म्हणतो, केवळ विश्वासाने नव्हे. दोघांचा साक्षीदार मात्र एकच, अब्राहाम. उत्पत्ती १५:६ मध्ये त्याचा विश्वास नीतिमत्त्व असा गणला जातो. १६व्या अध्यायाच्या शेवटी त्याचा मुलगा इश्माएल जन्मतो तेव्हा अब्राहाम ८६ वर्षांचा, आणि १७व्यात सुंता होते तेव्हा ९९ वर्षांचा. पौल नेमकं यावर बोट ठेवतो: नीतिमान ठरला तेव्हा सुंता झालेलीच नव्हती, निदान १३ वर्षं बाकी होती! याकोब अब्राहामाने आपला मुलगा इसहाक देवाला अर्पण करायला नेला त्या प्रसंगाकडे, २२व्या अध्यायाकडे बघतो आणि म्हणतो, १५:६चं वचन इथे पूर्ण झालं. पौलासमोर नियमशास्त्राच्या कर्मांवर भिस्त ठेवणारे आहेत. याकोबासमोर उघड्यानागड्या, उपाशी भावाला ‘सुखाने जा, ऊब घे, पोटभर खा’ म्हणून रिकाम्या हाताने वाटेला लावणारे. देव एकच आहे हे तर भुतंही मानतात आणि थरथरतात, असंही तो सुनावतो.

कॅथलिक लोक कर्मांनी तारण मिळवू बघतात, हा सर्रास होणारा आरोप मला पटत नाही. कृपेच्या आतल्या मदतीवाचूनही माणूस स्वतःच्या बळावर नीतिमान होऊ शकतो, ही पेलेगियसची शिकवण ४१८ साली कार्थेजच्या परिषदेनेच नाकारली होती. पुढे १५४७ साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने नीतिमान ठरण्याविषयी नियम केले, त्यातला पहिलाच सांगतो की ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेवाचून, स्वतःच्या कर्मांनी कोणी नीतिमान ठरू शकत नाही. खरा वाद पुढचा आहे. देव पाप्याला नीतिमान जाहीर करतो, असं ल्यूथरपंथीय (प्रोटेस्टंटांमधला एक पंथ) म्हणतात. जाहीर करतो आणि आतून तसा घडवतोही, आणि कृपेत केलेल्या कृत्यांनी ते नीतिमत्त्व वाढतं, असं ट्रेंट म्हणते. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गमध्ये दोन्ही बाजूंनी नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. मेथडिस्ट हा आणखी एक प्रोटेस्टंट पंथ २००६ साली त्यात आला. मूळ मुद्द्यावर एकमत झालं, सगळे मतभेद काही मिटले नाहीत.

तू विचारशील, मग न्यायाच्या दिवशी कृत्यं का मोजली जातात? मत्तयाच्या शुभवर्तमानातला २५वा अध्याय, तिथलं न्यायाचं वर्णन, नीट वाच. उजवीकडचे नीतिमान चकित होऊन विचारतात, ‘प्रभो, आम्ही तुला भुकेलेला कधी पाहिलं?’ त्यांनी हिशेब ठेवलेलाच नव्हता. याउलट लूक १८ मधला परुशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी, आठवड्यातून दोनदा उपास आणि दहावा भाग देणं मंदिरात उभा राहून मोजून दाखवतो, आणि नीतिमान ठरून घरी जातो तो मात्र छाती बडवणारा जकातदार.

गलतीकरांस ५:६ पण बघून ठेव, प्रीतीच्या द्वारे काम करणारा विश्वास तिथे आहे. फिलिप्पैकरांस २:१२-१३ वर तू अडशील असं वाटतं: आपलं तारण साधून घ्या, असं तिथे म्हटलंय, आणि लगेच, तुमच्यात काम करणारा देवच आहे, असंही. अडलास की लिही.

तुझा,
मित्र