फाइलीवर माझं नाव लिहिणाऱ्या वकीलताईंना

वकीलताई, सप्रेम नमस्कार.

मंगळवारी नाशिकच्या पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटला नवं कुलूप लावलं आणि घरी येऊन आधी तुम्हालाच लिहायला बसले. समोर बोलायला गेले की गळा दाटतो, आणि तुमच्याकडे बाहेर बाकावर माणसं खोळंबलेली असतात. म्हणून हे पत्र. सगळ्यांनी वाचावं असंच लिहिते आहे.

यांनी अंबडच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली. फंडाचे पैसे आले त्यात तो फ्लॅट घेतला. हे गेल्यावर त्याचं साडेअकरा हजार भाडं हाच माझा आधार. करार संपला आणि भाडेकरू निघेनात. आधी 'जागा बघतोय', मग 'मुलीची शाळा आहे', मग भाडंच बंद, आणि शेवटी दार अर्धं उघडून, 'जा कोर्टात.' अकरा महिने हे चाललं.

चौकीत सांगितलं, हा दिवाणी मामला आहे, आम्ही पडत नाही. नियमाने बरोबर असेल, पण पासष्टीच्या बाईला बसा तरी म्हणायचं. ज्या एजंटने एक महिन्याचं भाडं दलाली घेतली, त्याने माझा फोन उचलणं सोडलं. सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले, आपसात मिटवा. आधीच्या वकिलांनी पंधरा हजार घेतले आणि चार महिने 'बघू, बघू' केलं. आणि प्रत्येकाचा शेवटचा प्रश्न एकच: 'काकू, घरात पुरुष माणूस नाही का कोणी? त्यांना पाठवा.' माझी मुलगी बंगळुरूला असते. घरातला पुरुष माणूस फोटोत आहे, हे किती जणांना सांगायचं?

सीबीएस बसस्थानकापाशी तुमच्याकडे आले तेव्हा सगळे कागद साडीच्या दुकानाच्या पिशवीत कोंबलेले होते. तुम्ही पिशवी टेबलावर रिकामी केलीत आणि एकेक कागद तारखेप्रमाणे लावत गेलात. इंडेक्स टू, म्हणजे फ्लॅटच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा, हाताला लागल्यावर थांबलात.

'काकू, फ्लॅट कुणाचा?'

मी म्हटलं, 'यांचा.'

तुम्ही कागद माझ्याकडे फिरवून बोट ठेवलंत. तिथे दोन नावं होती, दुसरं माझं. हे म्हणाले होते इथे सही कर, मी केली होती. वाचलं कधीच नव्हतं. मग तुम्ही एक कोरी फाइल काढलीत, काळ्या मार्करने माझं पूर्ण नाव लिहिलंत, सावकाश, वळणदार, आणि त्याखाली लिहिलंत: मालक. दोरा बांधून फाइल माझ्या हातात दिलीत.

ताई, जागा परत मिळाली त्याचे आभार आहेतच. पण मी उभी राहिले ती त्या दिवशी. रिक्षात फाइल मांडीवर धरली होती, नाव वर दिसेल अशी.

पुढच्या अर्ज-तारखांचं मला नीट सांगताही यायचं नाही. एक मात्र सांगते. सगळे मला सुचवत होते, लाइट-पाणी तोडा, दोन दिवसांत पळतील. तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, 'भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ आहे, मालकाला ते करता येत नाही. आणि काकू, आत दहावीची मुलगी अभ्यास करतेय.' मला माझीच लाज वाटली. भाडेकरूंशीही तुम्ही अहो-जाहोनेच बोललात. १९९९ च्या कायद्यातलं कलम २४ त्यांच्यापुढे ठेवलंत: करार संपूनही जागा अडवली तर दुप्पट दराने भरपाई. साडेअकराचे तेवीस हजार, दर महिन्याला. यांनी करार नोंदवायचा हट्ट धरला तेव्हा हजार रुपये फीसाठी मी कुरकुरले होते. त्या नोंदणीनेच काम सोपं झालं, असं तुम्ही म्हणालात, तेव्हा यांची फार आठवण आली.

आणि घर सोडायची तारीख ठरवताना तुम्ही शेवटच्या पेपरानंतरची घ्यायला लावलीत. माझी वकील असून. चांगुलपणा म्हणजे भिडस्तपणा असं मी आयुष्यभर समजत होते. तुमचा तसा नाही. तुम्ही एक पैसा सोडला नाहीत आणि एक वाकडा शब्दही बोलला नाहीत.

किल्ल्या द्यायला ती मुलगीच आली. म्हणाली, 'आजी, देवघराच्या कोनाड्यात तुमची समई होती. घासून ठेवलीय.' मी तिला पेपर कसे गेले विचारलं. गणिताचा जरा अवघड होता म्हणाली.

पुढच्या महिन्यात नवा करार करायचा आहे. अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस घरी येईल तेव्हा या वेळी मी एकटीच बसणार, आणि सही करण्याआधी प्रत्येक पान वाचणार. वेळ असेल तर त्या दिवशी जेवायलाच या. भरली वांगी करते.

तुमची,
पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटची मालक