‘खाजेची ट्यूब’ चिठ्ठीशिवाय देऊ नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मिरजेत माझी छोटी खानावळ आहे. रोज साठ-सत्तर डबे जातात. पहाटे साडेचारपासून शेगडीपुढे उभी असते. परकराची नाडी घामाने भिजते, अंगावरच वाळते, पुन्हा भिजते. गेल्या आषाढात त्या नाडीखाली कमरेला लाल गोल चट्टा उठला. कडेला बारीक पुरळ, मधली कातडी साधी. गजकर्ण. आमच्याकडे ते कुणाला नवीन नाही, माझी आई टाकळ्याचा पाला वाटून लावायची.

मी मेडिकलमध्ये जाऊन ‘खाजेची ट्यूब’ मागितली. त्यांनी चिठ्ठी विचारली नाही, कुठे उठलंय तेही विचारलं नाही. सांगावं लागलं नाही म्हणून मला उलट बरंच वाटलं. दोन दिवसांत खाज बंद, आठवड्यात चट्टा फिका. लावायचं थांबवलं की चार दिवसांत पुन्हा वर, आधीपेक्षा मोठा. परत ट्यूब. असे सात महिने गेले. तीच ट्यूब मी डबे भरणाऱ्या मुलीला दिली, सुनेला दिली. नातू दीड वर्षाचा, सदा माझ्या कडेवर. त्याची मांडी जिथे माझ्या कमरेला टेकते, नेमकं तिथेच तसंच कडं उठलं. त्यालाही ती ट्यूब मीच लावली. हे लिहिताना आजही पोटात कालवतं.

मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात राहून मी डॉक्टरांकडे का गेले नाही? कर्नाटकातून माणसं उपचाराला इथे येतात. पण दारावर पाटी असते ‘त्वचा व गुप्तरोग तज्ज्ञ’. त्या पाटीखाली बाकड्यावर बसलेलं ओळखीच्या कुणी पाहिलं तर? खानावळवालीला कातडीचा आजार आहे असं कळलं तर डबे तुटतील, ही भीती त्याहून मोठी. शेवटी बाळाची मांडी बघून सुनेनेच सरकारी रुग्णालयात आम्हा दोघांचे केसपेपर काढले.

तिथल्या डॉक्टर बाईंनी पडदा ओढून शांतपणे तपासलं. चट्ट्याच्या कडेवरचा कोंडा पात्याने हलकेच खरवडून काचपट्टीवर घेतला, त्यावर औषधाचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. दुखलं अजिबात नाही. बुरशीच होती. मग त्यांनी माझी ट्यूब मागितली. शेपटाकडून गुंडाळत आणलेली ती ट्यूब त्यांनी उलगडली आणि पेनाने दाखवलं: डाव्या कडेला उभी लाल रेघ, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या औषधाची खूण, आणि बारीक अक्षरात बुरशीच्या औषधाच्या जोडीला ‘क्लोबेटासोल’. हे जोरकस स्टिरॉइड. ते लालपणा आणि खाज दाबतं, पण कातडीची लढायची ताकदही दाबतं, म्हणून आत बुरशी मोकळी पसरते. एक्झिमा, सोरायसिस अशा आजारांत हीच मलमं डॉक्टर मोजून-मापून देतात आणि तिथे ती लागतातच, असंही त्यांनी सांगितलं. माझ्या कमरेवर कातडी पातळ होऊन प्रसूतीनंतर पोटावर येतात तशा रेघा उठल्यात. चट्टे जातील, रेघा राहतील, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

औषध दोन महिने चाललं. मला गोळ्या आणि मलम, बाळाला नुसतं मलम. मलम चट्ट्यावर आणि त्याच्या कडेबाहेर दोन बोटांपर्यंत लावायचं, आणि कातडी साफ दिसली तरी दोन आठवडे थांबवायचं नाही. घरात ज्यांना आहे त्या सगळ्यांनी एकदम उपचार घ्यायचे. टॉवेल वेगळे, कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवायचे, नाडीऐवजी रुंद पट्ट्याचा सैल परकर. आम्ही चौघांनीही ते नीट केलं.

रांगेत माझ्यापुढे एक शाळकरी मुलगा होता. दंडावर फिकट डाग. डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला लावले आणि कापसाने डागाला स्पर्श करून ‘कळतंय का’ विचारलं. कळलं त्याला. तसं कळलं नसतं तर कुष्ठरोगाचा संशय घ्यावा लागतो, आणि त्याचं औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. असाच डाग असलेल्या किती मुलांना आपण ‘जंतामुळे’ म्हणून घरी ठेवतो!

केंद्र सरकारने स्टिरॉइडची मलमं 2018 सालीच ‘शेड्यूल एच’मध्ये घातली आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत. तरी परवा माझ्यासमोर कॉलेजच्या एका मुलीने चेहरा उजळायला अशीच ट्यूब मागितली आणि तिला ती मिळालीही. तिला बाहेर गाठून मी माझी सगळी हकिकत सांगितली. परत केली की नाही, माहीत नाही.

अन्न व औषध प्रशासनाने दुकानांत जाऊन या ट्यूबांच्या विक्रीचा हिशेब तपासावा. दवाखान्यांच्या पाटीवर ‘त्वचारोग’ एवढंच ठळक लिहिता आलं तर आमच्यासारख्या बायका लवकर आत जातील. आणि आपल्याला एक विनंती. आरोग्याच्या पानावर अशा ट्यूबच्या वेष्टनाचा फोटो एकदा मोठा छापावा. लाल रेघेसकट, आणि ती बारीक अक्षरं मराठीत. मी तो कापून डब्यांसोबत पाठवेन.

आपली,
एक वाचक, मिरज